सोडला तर शून्य

2025 च्या एप्रिलमध्ये आमच्या खोलीत सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळणं बंद झालं. "चहा ठेवू का?" एवढंच मी विचारायची. लेक दोन सेकंद माझ्याकडं बघायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "यात ट्रॅप काय आहे?" तिचं तरी काय चुकलं? चुकलेल्या उत्तराला एक गुण कापणाऱ्या परीक्षेसाठी जे लेकरू दोन वर्षं घासलं गेलंय, त्याला चहाच्या पातेल्यातही चार पर्याय दिसणारच. दोन उघड चूक, दोन बरोबर वाटणारे, आणि त्या दोघांतला जास्त बरोबर कोणता ते पेपर काढणाऱ्यालाच ठाऊक.

परीक्षा म्हणजे नीट. या नावावर मराठीत जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे आमच्या दिरांनी करून संपवले आहेत, त्यामुळं त्या बाजूला मी जात नाही. हिशेब तेवढा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. प्रश्न 180, वेळ तीन तास, गुण 720. उत्तर बरोबर आलं तर अधिक चार, चुकलं तर वजा एक, सोडून दिलं तर शून्य. आदल्या चार वर्षांत 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे असायचे. म्हणजे वीस प्रश्नांना 'तुम्ही बसा, तुमचं काही काम नाही' असं म्हणायची सोय होती. आमच्या लेकीची पाळी आली आणि नेमकी त्याच वर्षी ती सोय गेली. 'आमच्याच वेळेला' हे वाक्य आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून आहे. जमीन वाटली गेली, हे वाक्य अजून एकत्र आहे.

आम्ही अहमदपूर तालुक्यातल्या एका गावचे. दहावीला लेकीला चांगले गुण पडले, आणि ज्या घरात दहावीला चांगले गुण पडतात त्या घराचे आमच्याकडं दोन तुकडे होतात. एक गावाकडं राहतो, दुसरा लातुरात खोली करतो. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात म्हणून ते गावाकडं; मी आणि लेक ट्यूशन एरियात, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बारामध्ये. 'लातूर पॅटर्न' असं पेपरात वाचून लोकांना वाटतं, ही काही शिकवायची पद्धत असेल. असेलही. आमच्या गल्लीत पॅटर्न म्हणजे प्रत्येक खोलीत एक गॅस, एक खाट, एक कूलर, एक लेकरू आणि त्या लेकराबरोबर गावाकडून आणलेली एक आई. बाप शनिवारी एसटीनं येतो. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि घरचं तूप, ओठावर एकच प्रश्न.

घरमालकीण काकूंचा अनुभव दांडगा. "माझ्या घरातून नऊ डॉक्टर निघाले," असं त्या सांगायच्या, आणि सूर असा की ते नऊ जण परसातल्या लिंबाला लागले होते. त्यातले पाच जिन्यालगतच्या खोलीतले, म्हणून त्या खोलीचं भाडं पाचशेनं जास्त. आमची खोली कोपऱ्याची. तिच्या नावावर एक बीएएमएस आणि एक फिजिओथेरपी. खोली बघायला आलो तेव्हा ह्यांनी गणिताच्या मास्तरला शोभेल असं विचारलं होतं, "पण त्या खोलीत एकूण राहिली किती लेकरं?"

"ते कोण मोजत बसतंय सर!"

"म्हणजे छेदच नाही," हे जिन्यात मला म्हणाले, "नुसता अंश!" पण त्या पाचशेच्या खोलीची रुखरुख त्यांना लागायची ती लागलीच. लेकीला एखाद्या चाचणीत कमी पडले की ते आमच्या खोलीकडं येताना त्या दाराकडं असं बघायचे, की आत बसलेल्या मुलीनं आमचेच गुण उशाखाली दडवून ठेवलेत.

एप्रिल लागला तसा क्लासचा पोर्शन संपला आणि चाचण्यांचा धडाका सुरू झाला. खरा पेपर दुपारी दोन ते पाच, म्हणून शरीराला आणि मेंदूला दोन ते पाचचीच सवय लागली पाहिजे, असं कुठल्याशा सरांनी सांगितलं होतं. लातूर, एप्रिल, दुपारचे दोन. त्या वेळेला म्हैससुद्धा रवंथ थांबवते. क्लासची चाचणी नसेल त्या रविवारी ती खोलीतच व्हायची आणि पर्यवेक्षक मी. कूलर बंद, कारण हॉलमध्ये कूलर असेलच असं नाही. फोडणी बंद, कारण शिंकेला तीस सेकंद जातात आणि एका प्रश्नाला साठच आहेत. दोनच्या ठोक्याला मी स्टीलच्या ताटावर उलथनं मारायची. पहिल्या रविवारी तो आवाज ऐकून शेजारच्या दोन खोल्यांतल्या मुलींनीही पेपर सुरू केला. दुसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरून एका आईचा निरोप आला, "ताई, जरा जोरात वाजवा, खाली ऐकू येईना." तिसऱ्या रविवारी मला स्वतःला ताप होता, पण त्या इमारतीचं परीक्षा केंद्र मीच, मला रजा कोण देणार? उठले, ताट वाजवलं, पुन्हा पडले.

पेपर झाला की अ‍ॅनालिसिस. चुकांचे तीन ढीग करायचे: आलंच नाही, आलं पण वेळ पुरला नाही, आणि सिली मिस्टेक. पहिला ढीग मुठीएवढा, दुसरा सुपाएवढा, तिसरा मळणीच्या राशीएवढा. "मम्मी, 560 आले. पण बारा सिली मिस्टेक. म्हणजे तसे 620च." बाराचे साठ कसे, हे मला आधी कळेना. मग कळलं की एक चूक पाचला पडते. यायचे चार गेले आणि गाठीचा एक गेला. सावकारसुद्धा इतका सफाईनं हिशेब करत नसेल.

तर गुण दोन प्रकारचे. पडलेले आणि 'तसे' पडलेले. मी फोनवर ह्यांना तसे सांगायची, आमचे दीर पारावर सांगताना त्यात आपल्याकडचे थोडे घालायचे, आणि गुरुवारपर्यंत गावात आमच्या लेकीला 680 पडलेले असायचे. ह्यांचा मात्र 'तसे'वर भरवसा नव्हता. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि आडतीवर भाव मिळत होता तो त्याच्या खालीच. त्यामुळं ते फोनवर शांतपणे म्हणायचे, "हमीभाव सांगू नको. आडतीवर काय पडलं ते सांग."

एका शनिवारी त्यांनी वही काढली. "समजा, एखाद्याला काहीच येत नाही, आणि तो डोळे मिटून गोळे काळे करतो. चारांतला एक लागणार, अधिक चार. तीन चुकणार, वजा तीन. म्हणजे चार प्रश्नांमागं एक गुण. 180 प्रश्नांना पंचेचाळीस." त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर नवीन प्रमेय सापडल्याचं तेज. "म्हणजे अक्षरसुद्धा न वाचता सरासरी पंचेचाळीस गुण पडतात."

"पप्पा, मग क्लास कशाला लावला?"

"वरच्या सहाशेसाठी."

मी गप्प राहिले, पण मनात भागाकार करून बसले. क्लास, खोली, दूध, भाजी, झेरॉक्स मिळून दोन वर्षांचे तीन लाख. भागिले सहाशे. गुणाला पाचशे रुपये पडले, म्हणजे एक सिली मिस्टेक अडीच हजारांची. त्या दिवसापासून लेक पेन्सिल दातात धरून "श्या! सिली!" म्हणाली की माझ्या पोटात पोळीचा डबा एसटीत विसरल्यासारखं व्हायचं.

ह्यांच्या वहीत पुढची पानंही भरलेली होती. परीक्षेला तीन आठवडे होते आणि ह्यांनी कॉलेजांची यादी लावून ठेवली होती. 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून, 15 टक्के अखिल भारतीय, कुठल्या सरकारी कॉलेजचा कटऑफ मागच्या साली किती, कुठल्या हॉस्टेलपासून बसस्टँड किती लांब. 70:30 हा सत्तरी-तिशीचा विभागवार नियम 2020 मध्ये रद्द झाला. तो मराठवाड्याच्या फायद्याचा झाला की तोट्याचा, यावर ते आमच्या दिरांशी आजही तासभर भांडू शकतात. लेकीनं एकदा वहीत डोकावून पाहिलं. "पप्पा, यात माझं काम काय आहे?" तिनं विचारलं. हे म्हणाले, "तू फक्त पेपर दे. बाकी सगळं झालंय."

पेपर तेवढा राहिला होता.

आता शेजारच्या खोलीतल्या मुलीचं सांगते. परभणीकडची. दोन वेळा ड्रॉप घेतलेली, म्हणजे ही तिसरी खेप. आमची लेक पहिलटकरीण. कुठं जरा कळ आली की घाबरायची, कुणी काही सांगितलं की ते करायची, पिशवी महिनाभर आधीच भरून तयार. ती मुलगी तिसऱ्या खेपेच्या बाईसारखी निवांत. वेळेला जेवायची, दहाला झोपायची, आणि आमची लेक रडायला लागली की येऊन पाठीवर हात फिरवायची. "ही ग्रँड टेस्ट ना? हिच्यात सगळ्यांनाच कमी पडतात. घाबरवायलाच काढतात ती." तिची आई दारात वाती वळत बसलेली असायची. मी एकदा विचारलं, "तुम्हाला टेन्शन येत नाही का हो?"

"पहिल्या साली सरांच्या पाया पडले," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या साली देवाच्या पडले. यंदा नळ सोडणाऱ्याच्या पडायलेय. चार तारखेला सकाळी पाणी सोड बाबा, एवढंच."

लातुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे लातूरकराला सांगायला नको. 2016 च्या एप्रिलात या गावानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय. त्यामुळं पाण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडं सणच. सगळी इमारत जिन्यात. अशाच एका पहाटे मी घागरी भरत होते आणि लेक जिन्याच्या पायरीवर बसून जीवशास्त्राचं एनसीईआरटी मोठ्यानं वाचत होती. ते पुस्तक तोवर पाहण्यासारखं झालं होतं. आधी महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, मग फार महत्त्वाच्या गुलाबी, मग विसरणाऱ्या हिरव्या, मग सरांनी सांगितलेल्या निळ्या. शेवटी पानावर जी एखादी ओळ पांढरी राहिली होती तीच उठून दिसायची, आणि तिला वाटायचं, प्रश्न हिच्यावरच येणार. तर त्या पहाटे बेडूक चालू होता.

"काय करलालीस गं पोरी सकाळी सकाळी?" काकूंनी विचारलं.

"बेडूक करतेय काकू. बेडूक पाणी पीत नाही."

काकूंचा हात हंड्यावर थांबला. "पीतच नाही?"

"थेंबभर नाही. कातडीतून ओढून घेतो."

काकूंच्या डोळ्यांत मला पुढच्या जूनचा आदर्श भाडेकरू स्पष्ट दिसला. "राहतो कुठं?" त्यांनी विचारलं.

"पाण्यात."

"मग नगं," काकू म्हणाल्या आणि हंडा उचलला.

बेडूक उन्हाळ्यात खोल बिळात जाऊन पडून राहतो, असंही तिथं पुढं लिहिलेलं आहे. याला मराठीत ग्रीष्मनिद्रा म्हणतात, ते मी तिला सांगितलं. पेपर 13 भाषांत निघतो आणि त्यांत मराठी आहे. पण आमच्या गल्लीत मराठीतून देणारं लेकरू मला दोन वर्षांत भेटलं नाही, त्यामुळं हे असले गोड शब्द त्यांच्या वाट्याला येत नाहीत. लेकीनं ती ओळ तीनदा वाचली. दोनदा अभ्यास म्हणून, तिसऱ्यांदा हेव्यानं.

पुस्तक असं डोक्यात बसलं की ते जागोजाग बाहेर यायला लागतं. एका रात्री माझ्या छातीत धडधडत होतं, तसं मी तिला सांगितलं. तिनं पुस्तकातून डोकं न काढता सांगितलं, "मिनिटाला सरासरी 72 ठोके, दर ठोक्याला 70 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला साधारण पाच लिटर." पुढं काही नाही. दोन वर्षांत माझी लेक डॉक्टर झाली नव्हती, पण डॉक्टरांचं बोलणं तिला आलं होतं.

या दिवसांत नातेवाईक फार प्रेम करतात. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, प्रत्येक मांडवात मी एकटी जायची आणि प्रत्येक मांडवात तेच, "लेकराला का नाही आणलं? एक दिवसानं काय होतंय!" यातल्याच निम्म्या जणी मग फोन करून विचारणार, "अभ्यास करतेय ना? का नुसतीच झोपतेय?" सासूबाईंनी बदाम भिजवून द्यायला सांगितले, रोज पाच. धाकट्या जावेनं सात सांगितले. आईनं सांगितलं, उष्ण पडतील, बंद कर. मी पाच भिजवायची. दोन लेकीला, तीन मला. परीक्षा कुणाची याबद्दल माझ्या मनात तेव्हा जरा गोंधळ होता.

पण प्रेमात कळस केला तो नांदेडच्या नणंदबाईंनी. नांदेडहून बासर जवळ. गोदावरीच्या काठी, तेलंगणात, सरस्वतीचं मोठं ठाणं. लेकरांची पहिली पाटी तिथं गिरवतात. नणंदबाई काळ्या शाईचा नवाकोरा बॉलपेन घेऊन जनरलच्या डब्यात उभ्यानं बासरला गेल्या, रांग लावली, पेन देवीच्या पायाशी ठेवला, हळदकुंकवासकट पुडीत बांधला आणि अहमदपूरला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. तो ह्यांच्या पिशवीतून लातूरला आला. पुडी उघडली, मी पेन डोळ्यांना लावला, लेकीकडं दिला. ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, पेन तिथं हॉलमध्येच देतात. आपला नेता येत नाही."

खोलीत कूलरचा तेवढा आवाज राहिला.

रात्री फोनवर बैठक बसली. हे म्हणाले, नियम म्हणजे नियम. दीर म्हणाले, समजा तिथं नेमका याच कंपनीचा पेन निघाला तर? सासूबाई म्हणाल्या, वेणीत खोचून जाऊ दे. वेणीसुद्धा तपासतात, हे ऐकून त्यांनी थोडा वेळ सरकारबद्दल मत दिलं. नणंदबाई फोनवर होत्या पण बोलत नव्हत्या. मध्येच एक मोठा श्वास, आणि "उभ्यानं गेले मी, वहिनी," एवढंच. शेवटी काकूंनी तोडगा काढला. "निघताना पेन मुठीत घट्ट धरायचा. गुण बोटांत उतरतो. बोटं कोण काढून घेतंय?" सगळ्यांना हे पटलं. तोवर पेन नुसता पडून कशाला राहायचा, म्हणून मी त्याच्यानं दुधाचा आणि पाण्याच्या जारचा हिशेब लिहायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या महिन्याचा हिशेब जुळला.

आधी परीक्षेचं शहर कळतं, केंद्र नंतर. गाव कळलं पण घर कळेना, अशी आठवडाभर स्थिती. आम्हाला लातूरच मिळालं, तेव्हा ह्यांनी फोनवर 'लातूरच!' असं दोनदा म्हटलं. मग अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हॉलतिकीट आलं, आणि त्याच्याबरोबर सूचना आल्या. नवीन बाळाबरोबर दवाखान्यातून देतात तशा, पण जास्त कडक. एक फोटो पासपोर्ट साइझचा, एक पोस्टकार्ड साइझचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा ऐंशी टक्के, दोन्ही कान दिसले पाहिजेत. पोस्टकार्ड साइझ म्हणजे चार बाय सहा इंच. एवढा मोठा एकट्याचा फोटो आमच्याकडं कधी काढतात, ते माझ्या मनात आलं. मी तिथंच स्टुडिओत देव्हाऱ्याच्या दिशेनं तोंड करून माफी मागितली. वजा एक.

मग कपडे. फिकट रंग, अर्धी बाही, मोठी बटणं नाहीत, पायात बूट नाही, साधी चप्पल. लेकीच्या कपाटात यातलं एकही नव्हतं, कारण मी दहा वर्षं तिला पूर्ण बाहीचेच घेत आले. आम्ही गंजगोलाईत गेलो. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्यावर कापडाचं दुकान आहे असं त्या दिवशी वाटलं. तिसऱ्या दुकानात मी अर्धी बाही म्हणताच दुकानदारानं वर न बघता विचारलं, "नीटचा ना?" आणि बाकावर ढीग टाकला. मी एकेक कुर्ता उलटून बघत होते. "याची बटणं मोठी आहेत. याला धातूची चेन आहे. यापेक्षा बाही आखूड दाखवा." शेजारी आमच्या गावाकडची एक बाई साडी बघत होती. 'यापेक्षा बाही आखूड दाखवा' हे माझं वाक्य चार दिवसांत गावी पोचलं, पुढचंमागचं काही न घेता.

बारशाला घातलेल्या कानातल्या बाळ्या काढायला साबण, तेल आणि शेवटी शेजारची तिसऱ्या खेपेची मुलगी लागली. तिला सगळं माहीत होतं. तपासणीला किती वेळ लागतो, बाटली पारदर्शक लागते, पाणी आधी किती प्यायचं, हॉलमध्ये घड्याळ कुठं असतं. "आणि काकू," ती मला म्हणाली, "तुम्ही गेटवर रडू नका. मागच्या वेळी माझी मम्मी रडली, तर माझा पहिला प्रश्न चुकला." तिच्या आईनं वात वळता वळता वर पाहिलं. "पहिला नाही, पाचवा," ती म्हणाली. तिलाही सगळं माहीत होतं.

3 मेच्या रात्री लेकीनं पुस्तकं बांधून ठेवली. दिवा मालवल्यावर बराच वेळानं तिचा आवाज आला, "मम्मी, नाही झालं तर?"

मी चारही पर्याय मनात आणले. होईल गं, कसं नाही होणार. नाही तर बीएएमएस आहेच. नाही तर पुढच्या वर्षी. वरीलपैकी एकही नाही. चारही बोलायला सोपे होते आणि चारांत मला एकही बरोबर दिसेना. मी उठून तेलाची बाटली घेतली आणि अंधारातच तिच्या केसांना तेल लावायला बसले. पाच लिटर, पाच लिटर, ती पुटपुटत होती, मग थांबली.

4 मे, रविवार. नळाला पाणी आलं. पाया पडलेले कामी आले. तिनं मुठीत पेन घट्ट धरला, सोडला, मी तो पदरात बांधला. साडेअकरालाच आम्ही केंद्रावर, हे आदल्या रात्रीच येऊन दोनदा रस्ता मोजून गेलेले. दीड वाजता फाटक बंद होतं. एक वाजून सव्वीस मिनिटांनी एक मुलगा धावत आला. हातात हॉलतिकीट, पायात बूट. कोण्या एका बापानं आपल्या पायातली चप्पल काढून त्याच्यापुढं सरकवली. मुलानं बूट तिथंच सोडले आणि आत गेला. तो बाप मग पाच वाजेपर्यंत त्या तापलेल्या डांबरावर दुसऱ्याच्या बुटांवर पाय ठेवून बसला होता.

आम्ही आया लिंबाच्या सावलीला. दोन वाजले तशी आतून घंटा ऐकू आली. माझा हात आपसूक पिशवीत गेला. "तुमच्या ताटाचा आवाज बरा होता," खालच्या मजल्यावरची आई म्हणाली. परभणीच्या बाई वाती काढून बसल्या. हे दूर एका दगडावर वहीत काहीतरी लिहीत होते, आणि अधूनमधून घड्याळाकडं बघून एक गोळा काळा केल्यासारखी खूण करत होते.

माझ्या शेजारी एक अनोळखी बाई येऊन टेकली. उदगीरकडची असावी. पदरानं घाम पुसून तिनं मला एकदा नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमच्या लेकीला किती येतील, काय वाटतंय?"

मी प्रश्न सोडला आणि पुढच्याकडं वळले.

"डब्यात काय आणलंय तुम्ही?"